दीर्घिकासमूहांची दिशा आणि ४५ अंशांची कसोटी

युक्लिड ही अवकाश दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी अवकाशात झेपावली. व्हेरा रुबिन वेधशाळेने आपली पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये जाहीर केली. दोन्हींच्या बातम्यांत 'डार्क मॅटरचा नकाशा' हे शब्द हमखास येतात. डार्क मॅटर म्हणजे प्रकाश न देणारं, पण गुरुत्वाकर्षण असलेलं द्रव्य. त्याचा नकाशा काढण्यासाठी कोट्यवधी दूरच्या दीर्घिकांचे (गॅलेक्सींचे) आकार मोजतात आणि त्या कोणत्या दिशेला किंचित ताणल्यासारख्या दिसतात ते पाहतात. या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक साधं गृहीतक असतं: दीर्घिका मुळात वाटेल त्या दिशेला कललेल्या असतात आणि त्यांच्या दिशांचा आपसात काही संबंध नसतो.

हे गृहीतक पुरतं खरं नाही. त्याबद्दलची एक मोठी शंका चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी उभी राहिली, तीही एकेकट्या दीर्घिकांवरून नव्हे तर दीर्घिकांच्या समूहांवरून. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर असलेले दोन समूह एकमेकांच्या रोखाने लांबट असतात का, हा तो प्रश्न. ऐकायला तो विचित्र वाटतो. पण त्याची परीक्षा इतकी साधी आहे की शाळेत शिकलेली सरासरी आणि कोनमापक एवढ्यावर ती समजते.

समूहाला दिशा असते म्हणजे काय?

दीर्घिकासमूह म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या शेकडो, कधी हजारांहून जास्त दीर्घिका. असा समूह साधारण एक कोटी प्रकाशवर्षं रुंद असतो. दीर्घिकांच्या मधल्या जागेत एक ते दहा कोटी अंश तापमानाचा विरळ वायू असतो आणि त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. या सगळ्याच्या वजनाचा मोठा वाटा, ऐंशी टक्क्यांहून जास्त, डार्क मॅटरचा असतो.

समूह हा गोल चेंडू नसतो. बहुतेक समूह एका बाजूला लांबट असतात. तारे आणि ग्रह गोल होतात, कारण त्यांच्यातलं द्रव्य दाबाखाली सगळीकडून सारखं दबलं जातं. समूहातल्या दीर्घिका एकमेकींवर आदळून आपला वेग सारखा करत नाहीत, आणि डार्क मॅटर तर आदळतच नाही. त्यामुळे ज्या दिशेने द्रव्य समूहात येऊन पडलं, त्या दिशेची खूण समूहाच्या आकारात अब्जावधी वर्षं टिकून राहते.

कोमा समूहाचंच उदाहरण घ्या. तो आपल्यापासून साधारण ३२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, हजारावर दीर्घिकांचा आहे, आणि त्याच्या मध्यभागी एनजीसी ४८७४ आणि एनजीसी ४८८९ या दोन राक्षसी दीर्घिका आहेत. कोमाचा पसारा ईशान्य–नैऋत्य अशा रोखाने लांबट आहे. आता आकाशात त्याच्यापासून सुमारे २० अंश पश्चिम-नैऋत्येकडे जा. तिथे एबल १३६७ हा दुसरा समूह आहे. दोघांच्या मध्ये दीर्घिकांची एक लांबच लांब माळ आहे. या माळेच्या बाजूनेच, नैऋत्येकडून, एनजीसी ४८३९ या दीर्घिकेभोवतीचा एक छोटा गट कोमात येऊन मिळतो आहे. क्ष-किरणांच्या चित्रात तो मुख्य समूहाच्या कडेला वेगळ्या ठिपक्यासारखा स्पष्ट दिसतो. म्हणजे कोमा ज्या दिशेला लांबट आहे, त्याच दिशेने त्याच्यात भर पडते आहे, आणि साधारण त्याच दिशेला त्याचा शेजारी आहे.

पण एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही. आकाशात हजारो समूह आहेत, त्यातले काही योगायोगानेही शेजाऱ्याच्या रोखाने असणारच. खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते.

परीक्षा कशी घेतात?

१९८२ मध्ये ब्रुनो बिंगेली यांनी ४४ समूह घेऊन ही परीक्षा केली. पद्धत अशी. एका समूहातल्या दीर्घिका कागदावर ठिपक्यांसारख्या मांडायच्या. ज्या रेषेच्या दिशेने ठिपक्यांचा पसारा सर्वांत जास्त, ती त्या समूहाची लांब रेषा. मग त्या समूहापासून त्याच्या सर्वांत जवळच्या शेजारी समूहापर्यंत दुसरी रेषा काढायची. दोन रेषांमधला कोन मोजायचा. तो ० ते ९० अंशांच्या मध्ये येईल. ० आला तर समूह थेट शेजाऱ्याच्या रोखाने लांबट आहे, ९० आला तर बरोबर आडवा.

समूहांना शेजाऱ्याशी काही देणंघेणं नसेल, तर ० ते ९० मधला कुठलाही कोन सारख्याच शक्यतेने येईल आणि पुष्कळ समूहांची सरासरी ४५ येईल. सरासरी ४५ पेक्षा ठळकपणे कमी आली, तर समूह शेजाऱ्याकडे रोख धरून आहेत असं म्हणता येईल. सगळी परीक्षा एवढीच.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. खऱ्या, तीन मितींच्या अवकाशात दोन रेषा कशाही पडल्या, तर त्यांच्यातल्या कोनाची सरासरी ४५ नसते, ५७ अंशांच्या थोडी वर असते. कारण एखाद्या दिशेच्या जवळपास जागा थोडी असते आणि तिला काटकोनात पुष्कळ असते. आपण मात्र आकाशाच्या सपाट पडद्यावर पडलेलं रूप मोजतो, म्हणून ४५. याच पडद्यामुळे खरी जुळणीही फिकी होते: जो समूह आपल्याच दिशेने लांबट आहे, तो आपल्याला गोल दिसतो आणि त्याची मोजलेली 'दिशा' जवळजवळ निरर्थक ठरते.

बिंगेली यांना उत्तर होकारार्थी मिळालं. आजच्या अंतरमापनानुसार साधारण ७ कोटी प्रकाशवर्षांच्या आत शेजारी असेल, तर समूह त्याच्या रोखाने लांबट असण्याकडे कल दिसला.

'४४ समूहांवर विश्वास कसा ठेवायचा?'

शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर आकड्यांतच आहे. ० ते ९० मधून कसाही एक कोन उचलला तर तो सरासरीपासून साधारण २६ अंश इकडेतिकडे असतो. असे ४४ कोन घेऊन सरासरी काढली, तर ही सरासरी निव्वळ योगायोगाने किती हलेल? २६ ला ४४ च्या वर्गमुळाने भागायचं. उत्तर येतं सुमारे ३.९ अंश. या योगायोगाच्या चढउताराला सिग्मा म्हणतात. म्हणजे ४४ समूहांची सरासरी ४१ आली तरी ती जेमतेम एक सिग्मा दूर आहे. अशा निकालावर काहीही उभं करता येत नाही. त्यातून जवळचा शेजारी असलेले समूह ४४ पेक्षाही कमी.

म्हणून १९८५ मध्ये मिचेल स्ट्रबल आणि जेम्स पीबल्स यांनी तीच परीक्षा २३७ समूहांवर लावली. इथे सिग्मा १.७ अंशांपर्यंत खाली येतो, म्हणजे कसोटी दुपटीहून जास्त कडक. बिंगेली यांना दिसली तशी ठळक जुळणी त्यांना दिसली नाही.

या जागी बरेच लेख 'वाद मिटला' असं लिहून पुढे जातात. पण १९८६ मध्ये पीबल्स आणि स्ट्रबल यांचाच सहभाग असलेल्या गटाने प्रश्न वेगळ्या बाजूने विचारला. शेजारी समूह किती थोडे असतात! त्याऐवजी समूहाभोवतीच्या साध्या दीर्घिकाच मोजल्या तर? लिक वेधशाळेच्या छायाचित्रांवरून माणसांनी डोळ्यांनी मोजलेल्या सुमारे दहा लाख दीर्घिकांची नोंद उपलब्ध होती. समूहातल्या सर्वांत तेजस्वी दीर्घिकेची लांब रेषा ज्या दिशेला, त्या दिशेला आसपासच्या दीर्घिकांची दाटी थोडी जास्त निघाली, तीही समूहाच्या सीमेच्या कितीतरी पलीकडे. एका वर्षापूर्वी ज्यांनी जुळणीवर प्रश्नचिन्ह लावलं, त्यांनीच पुढच्या वर्षी तिच्या बाजूचा पुरावा छापला. विज्ञानातला प्रामाणिकपणा कसा असतो ते दाखवायला मी हेच उदाहरण निवडेन.

'मोजमापच फसवत असेल तर?'

फसवू शकतं, आणि दोन्ही बाजूंनी.

जुळणी नसताना ती दिसण्याचा धोका असा. दोन समूह जवळ असतील, तर दुसऱ्या समूहाच्या कडेच्या दीर्घिका पहिल्याच्या यादीत घुसतात. मग पहिला समूह आपोआप दुसऱ्याकडे लांबट दिसतो. जुन्या काळी समूह काचेच्या छायाचित्र-पट्ट्यांवर शोधत. अशा पट्टीच्या कडेला एखादा दोष असला, तर तिथले सगळेच समूह एकाच बाजूला ओढल्यासारखे दिसू शकतात.

जुळणी असताना ती हरवण्याचा धोका त्याहून मोठा. जॉर्ज एबल यांनी १९५८ मध्ये २,७१२ समूहांची यादी दिली. तिच्या मुख्य भागात येण्यासाठी समूहात ठरावीक तेजाच्या किमान ५० दीर्घिका लागत. पन्नास ठिपक्यांवरून लांब रेषा काढा, त्यातले पाच-दहा ठिपके समूहाचे नसून मागच्या-पुढच्या दीर्घिकांचे असू द्या, रेषा सहज वीस अंश फिरेल. अशा चुका कुठल्याही एका बाजूला झुकत नाहीत. त्या फक्त सरासरीला परत ४५ कडे ढकलतात. त्यामुळे 'काही सापडलं नाही' या निकालाचा अर्थ 'काही नाही' असा लगेच लावता येत नाही. कधी त्याचा अर्थ 'आपलं मोजमाप अजून कच्चं आहे' एवढाच असतो.

म्हणून काहींनी दीर्घिका सोडून समूहातल्या तापलेल्या वायूचा आकार क्ष-किरणांतून मोजला. वायू सलग असतो, ठिपके मोजावे लागत नाहीत. १९८९ मध्ये अशा एका तपासणीत जुळणी आढळली नाही. २००० मध्ये आइनस्टाइन उपग्रहाच्या जुन्या चित्रांवर वेगळी सांख्यिकी चाचणी लावल्यावर मात्र ती दिसली. वीस वर्षं हे असं होय-नाही चालू राहिलं.

योगायोग वेगळा काढण्याची एक भरवशाची युक्ती आहे. समूहांच्या जागा आहेत तशाच ठेवायच्या आणि त्यांच्या लांब रेषांचे कोन आपसात अदलाबदल करायचे. एकाचा कोन दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. असं हजार वेळा करून प्रत्येक वेळी सरासरी काढायची. खऱ्या मांडणीची सरासरी या हजार बनावट सरासरींच्या गर्दीत हरवत असेल, तर निकाल रद्द. या युक्तीचं बळ असं, की आकाशाच्या नकाशातली भोकं, यादीच्या कडा, समूहांची दाटीवाटी हे सगळं बनावट मांडणीतही तसंच राहतं.

निकाल कधी लागला?

संख्या वाढली तेव्हा. सरासरी फक्त एका अंशाने सरकली आहे असं समजा. ते तीन सिग्मांच्या खात्रीने सांगायचं, तर एकमेकांवर अवलंबून नसलेले सुमारे सहा हजार कोन हवेत. हाताने मोजायच्या काळात हे शक्य नव्हतं.

स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश पाहणीने ते शक्य केलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अलेक्झांडर स्मार्गन, रेचल मँडलबॉम, नेटा बाहकॉल आणि त्यांच्या सहकाऱ्याने दोन वेगवेगळ्या पद्धतींनी बनवलेल्या याद्या घेतल्या: एकीत ६,६२५ समूह, दुसरीत ८,०८१. दोन याद्या मुद्दाम घेतल्या, कारण समूह शोधण्याच्या पद्धतीतच खोट असेल तर ती उघडी पडावी. दोन्हींत समूहाचा शेजाऱ्याकडे रोख असल्याचं दिसलं. एकीत ६ सिग्मा, दुसरीत १० सिग्मा, आणि हा परिणाम साधारण ४६ कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरापर्यंत टिकून होता.

त्याच अभ्यासात आणखी एक प्रश्न विचारला होता, ज्याकडे कमी लक्ष जातं. शेजाऱ्याकडे रोख असणं वेगळं, आणि दोन समूहांच्या लांब रेषा एकमेकींना समांतर असणं वेगळं. ही दुसरी जुळणी फक्त २ ते २.५ सिग्मा निघाली, आणि तीही फक्त जवळच्या अंतरांवर. ते स्वाभाविकही आहे: पहिल्या मोजणीत एकाच रेषेची चूक येते, दुसरीत दोन्ही रेषांची.

'४६ कोटी प्रकाशवर्षांवरून हे एकमेकांना ओढून सरळ करतात?'

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो.

समूह साधारणपणे सेकंदाला काही शे किलोमीटर वेगाने सरकतात. उदारपणे १,००० किलोमीटर धरू. हा प्रकाशाच्या वेगाचा तीनशेवा भाग. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. म्हणजे विश्वाच्या सुरुवातीपासून अखंड धावलेल्या समूहानेसुद्धा ४.६ कोटी प्रकाशवर्षंच कापली असती. जुळणी तर त्याच्या दहापट अंतरावर दिसते. तिथलं द्रव्य कधी इकडे आलेलंच नाही.

मग जुळणी येते कुठून? एकाच ओंडक्यातून चिरलेल्या दोन फळ्या बघा. दोन्हींतल्या लाकडाच्या रेषा एकाच बाजूला जातात. फळ्यांनी एकमेकींना वळवलेलं नसतं, त्या रेषा झाड वाढत असतानाच पडलेल्या असतात. समूहांचं तसंच आहे. अगदी लहान वयाच्या विश्वात द्रव्य सगळीकडे जवळजवळ सारखं होतं, पण कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ. या दाट-विरळ पट्ट्यांपैकी काही प्रचंड लांबीचे होते. अशा लांब, किंचित दाट पट्ट्यात पुढे ठिकठिकाणी समूह तयार झाले, पट्ट्याचा मधला भाग आकसून दीर्घिकांची माळ झाला, आणि त्या माळेवरूनच समूहांत द्रव्य पडत राहिलं. म्हणून समूह माळेच्या दिशेने लांबट झाला, आणि माळेच्या दुसऱ्या टोकाला दुसरा समूह होताच. दिशा जन्मतःच मिळालेली आहे. जुळणी मोजणं म्हणजे त्या जन्मखुणा वाचणं, आणि माझ्या मते या साध्याशा कोनांच्या हिशेबाचं खरं मोल तेच आहे.

या परीक्षेत कोणता सिद्धान्त जिंकला?

१९८० च्या दशकात दोन मतं समोरासमोर होती. याकोव झेल्दोविच यांच्या १९७० च्या विचारानुसार आधी प्रचंड पापुद्रे तयार झाले आणि ते फुटून पुढे दीर्घिका झाल्या. पीबल्स यांचं मत उलट होतं: लहान गोष्टी आधी, त्या जुळत जुळत मोठे समूह नंतर. पापुद्र्यांतून जन्मलेले समूह एका रोखाने असणं साहजिक, म्हणून बिंगेली यांचा निकाल पहिल्या मताच्या पारड्यात पडला असं तेव्हा वाटलं.

पुढे संगणकावर विश्वाची वाढ उभी करून पाहिल्यावर कळलं, की लहानातून मोठं होण्याच्या चित्रातही जुळणी येतेच, फक्त सुरुवातीच्या दाट-विरळपणात लांब पट्टे हवेत. १९९६ मध्ये बाँड, कोफमन आणि पोगोस्यान यांनी या माळांच्या जाळ्याचं कोडं सैद्धान्तिक पातळीवर उलगडलं. २००५ मध्ये हॉपकिन्स, बाहकॉल आणि बोड यांनी संगणकीय विश्वात समूहांची जुळणी मोजली. ती त्याच ४६ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास पोहोचत होती. म्हणजे २०१२ चा निकाल आधी भाकीत झालेला होता. ज्या परीक्षेने दोन मतांत निवाडा व्हायचा होता, तिने तो केला नाही. उलट जुळणी हीच आजच्या प्रचलित विश्वचित्राची गरज ठरली: ती सापडली नसती तर ते चित्र अडचणीत आलं असतं.

'म्हणजे विश्वाला एक ठरावीक दिशा आहे का?'

नाही. शेजारच्या दोन समूहांचा रोख जुळतो तो त्यांच्यातल्या माळेमुळे. पुढची माळ दुसरीकडे वळते, तिच्यावरचे समूह तिकडे. पुरेसं मोठं क्षेत्र घेतलं की सगळ्या दिशा सारख्याच भरतात. 'संपूर्ण विश्व एका अक्षाभोवती रचलेलं आहे' असं सांगणारे संदेश या निकालाचा हवाला देतात, तेव्हा ते चूक सांगतात.

याचा आजच्या दुर्बिणींशी काय संबंध?

लेखाच्या सुरुवातीचा डार्क मॅटरचा नकाशा ज्या परिणामावर उभा आहे, तो फार नाजूक आहे. मधलं द्रव्य दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकवतं आणि तिचा आकार साधारण एक टक्का बदलतो. दीर्घिका स्वतः त्याच्या कितीतरी पट लांबट असते. म्हणून कोट्यवधी दीर्घिकांची सरासरी काढतात, या आशेवर की त्यांचे स्वतःचे आकार एकमेकांना खोडून टाकतील.

पण समूहाजवळच्या लालसर, वयस्क दीर्घिकाही समूहाच्या रोखाने किंचित लांबट असतात, समूह जसे शेजाऱ्याच्या रोखाने असतात तसेच. प्रकाश वाकल्यामुळे मागच्या दीर्घिका मात्र त्या समूहाभोवती आडव्या ताणलेल्या दिसतात. एक परिणाम समूहाकडे, दुसरा त्याला आडवा. दोन्ही मिसळले की खरा परिणाम काही प्रमाणात कमी दिसतो आणि द्रव्याचा गुठळीपणा प्रत्यक्षाहून कमी मोजला जातो. म्हणून युक्लिड आणि रुबिन यांच्या माहितीचा हिशेब करताना दीर्घिकांची ही मूळची जुळणी वेगळी मोजून वजा करावीच लागते.

समूहांच्या बाजूनेही नवी सामग्री आली आहे. ईरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या पहिल्या पाहणीतून २०२४ मध्ये १२,२४७ समूहांची यादी निघाली. वायूवरून शोधलेले एवढे समूह यापूर्वी एका पाहणीत कधी मिळाले नव्हते. २०१२ मध्ये अडीच सिग्मांवर अडकलेला प्रश्न, म्हणजे दोन समूहांच्या लांब रेषा एकमेकींना समांतर असतात का, आता अशा मोठ्या याद्यांवर नव्याने तपासता येईल.